आग कोणी लावली?

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघा बरा आहे हे वाचून बरं वाटलं, पण डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं असताना तू गच्चीवर कपडे वाळत घालायला जातेस, हे तुझ्याच पत्रात तू कबूल केलं आहेस. लिहून फसतेस ती अशी. बाकी फोन करायचा नाही, पत्रच लिहायचं, हा आपला करार उत्तम चालला आहे. गेल्या निवडणुकीत फोनवर आपण एकमेकांना काय काय बोललो ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात. पत्रात भांडायचं तर हात दुखतो, म्हणून माणूस आवरतं घेतो.

बातमी मोठी आहे. लंबूचं दुकान जळलं. रविवारी दुपारी दुकान बंद होतं, तेव्हा. छप्पर खाली आलं, तयार दारं-खिडक्या, यंत्रं, सगळं गेलं. माणसांना इजा नाही.

सुतारकाम शिकायला वस्तादांच्या हाताखाली आम्ही दोघं बरोबरच लागलो आणि तू आमच्या दोघांचे कान सारख्याच मायेने पिळलेस, हे मी विसरलेलो नाही. पण आता लंबू त्यांच्या बाजूचा आहे. नुसता मत देणारा असता तर गोष्ट वेगळी, हा दुकानावर झेंडा लावणारा. त्यांची माणसं म्हणतात, आमच्या पोरांनी जाळलं. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे की त्याने स्वतःच जाळलं. मतदान तोंडावर आलंय, लोकांना कळवळा यायला काहीतरी हवंच होतं. मी तिकडे गेलो नाही. गेलो असतो तर आमच्यातल्यांनी भुवया उंचावल्या असत्या आणि त्यांच्यातल्यांनी बाह्या सरसावल्या असत्या.

आमचं ठीक चाललंय. सभागृहाच्या बाकांचं मोठं काम मिळालं आहे. हल्ली कोणाला चकचकीत पॉलिश नको असतं, लाकूड लाकडासारखं दिसायला हवं. म्हणून वस्तादांचं लाखेच्या चपड्याचं पॉलिश सोडून आम्ही जवसाच्या तेलावर आलो आहोत. तेलाचा हात मनीचा. तुझी भाची माझ्यापेक्षा सफाईदार काम करते, पण हे तिला कळवू नकोस, आधीच ती मला शिकवायला लागली आहे.

मतं निराळी असली तरी माया एकच ठेवावी.

तुझा,
ठोंब्या

९ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघ्यावरचा उपदेश पोचला. तो गुडघ्याने ऐकला, मी नाही.

लंबूचं दुकान जळलं हे वाचलं आणि पत्र खाली ठेवून मी रडले. तू मात्र पुढच्याच ओळीत निवडणुकीवर पोचलास. अरे, त्या दुकानाच्या फळ्या तुम्ही दोघांनी मिळून ठोकल्या होत्यात. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक आलं नाही म्हणून तूच गिऱ्हाईक होऊन त्याच्याकडून स्टूल करून घेतलंस. ते स्टूल माझ्या स्वयंपाकघरात आहे आणि त्याच्या एका पायात अजून खोट आहे. हे सगळं एका झेंड्याखाली गडप झालं का?

आता मी काय विचारते ते नीट वाच. विम्याच्या कचेरीत मी नोकरीभर जळलेल्या जागा बघितल्या. आमच्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, की आग आधी ‘कुठे’ लागली ते विचारायचं, मग ‘कशाने’ लागली, आणि ‘कोणी लावली’ हे अगदी शेवटी. बहुतेक वेळा त्या शेवटच्या प्रश्नाची पाळीच येत नसे. तुम्ही सगळ्यांनी सुरुवातच शेवटापासून केली आहे. कोणीतरी जाळलं हे तुम्हा दोन्ही बाजूंना मान्य, भांडण फक्त नावाचं.

जमीन सगळ्यात खोल कुठे जळली आहे? भिंतीवर काजळीचा पंखा कुठून उघडतो? कुलूप आधी तुटलं होतं की विझवणाऱ्यांनी तोडलं? आणि मुख्य म्हणजे, तुझ्या ‘सगळ्यांना ठाऊक’ मधल्या एकाने तरी स्वतःच्या डोळ्यांनी काही बघितलं का? नसेल बघितलं तर त्याला ठाऊक असणं म्हणू नये. आणि प्रश्नबिश्न राहू दे, आधी त्याला भेटून ये. मनीला पापा.

रागावलास तरी उत्तर लिहीत जा.

तुझी,
ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो आहे, तरी लिहितो आहे.

तुझे प्रश्न वाचले. अडचण अशी की ‘कोणी बघितलं का’ हे त्यांच्या बाजूचं वर्तमानपत्रही विचारतं. तू मत कुणाला देतेस ते मला माहीत आहे, तेव्हा तुझ्या कचेरीचे साहेब मध्ये आणून मला गप्प करू नकोस. कारण शोधायला सरकारी माणूस आला होता. तो गाडीतून उतरला तेव्हा समोर त्यांचा जमाव आणि मागे आमचा. त्यांना हवं होतं, त्याने लिहावं की बाहेरून पेटवलं. आम्हाला हवं होतं, त्याने लिहावं की मालकानेच पेटवलं. बिचारा दारातूनच राखेकडे बघून निघून गेला. आमची घोषणा जास्त मोठी झाली, एवढं मात्र खरं.

एक फोटोही फिरत होता, लंबू हातात रॉकेलचा डबा घेऊन दुकानात शिरताना. नंतर कळलं की तो दुसऱ्याच गावचा, दुसऱ्याच माणसाचा, जुना फोटो आहे. मी आमच्या मंडळींना तसं सांगितलंही. ते म्हणाले, फोटो खोटा असेल, पण गोष्ट खरी आहे. मला ते तेव्हा पटलं. आता लिहिताना जरा विचित्र दिसतंय, पण असो.

खरी काळजी वेगळी आहे. ते सूड घेणार आणि आता आपलं दुकान जाळणार, असं सगळीकडे बोललं जातंय. वेळ आली तर गाफील नको. आम्ही मागचं दार फळ्या मारून बंद केलं, खिडक्यांना लोखंडी जाळी बसवली. आणि मनीने कमाल केली. तिने आपली गादी दुकानाच्या माळ्यावर नेऊन टाकली आहे. संध्याकाळी काम संपलं की आतून अडसर घालते, शिट्टी गळ्यात अडकवते आणि रस्त्याकडच्या झरोक्याशी बसून राखण करते. तिच्या आईने नको म्हटलं तर तिच्यावर खेकसली, की तुम्ही लोक घाबरता म्हणूनच ते चढून बसतात. माझ्यापेक्षा कडवी निघाली पोरगी. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला.

लंबू परवा बाजारात समोर आला. मला बघून त्याने मान खाली घातली. मनात पाप नसतं तर कशाला घातली असती?

आशीर्वादाची वाट बघतो, उपदेश पुरे.

ठोंब्या

२२ फेब्रुवारी

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद.

तुला ‘श्रीयुत’ आणि ‘यांस’ लिहिण्याइतकी मी अजून परकी झालेली नाही. तुझं दुकान गेलं, त्याचं मला फार दुःख झालं. लगेच लिहायला हवं होतं. आमचा ठोंब्या तुझ्याकडे आला नाही, याची मला लाज वाटते. ती त्याला वाटेपर्यंत मी वाटून घेते.

एकच विचारते आणि तू मला खरंच सांगशील याची खात्री आहे, कारण लहानपणी खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे. आग दुकानात कुठे लागली? कोणी लावली ते मी विचारत नाही. फक्त कुठे. लवकर लिही. मला एका पोरीची काळजी लागली आहे.

जुनी माया तशीच धरून,
ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. महिन्याभरात इतक्या लोकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, की खांदा दुखायला लागला. ‘कुठे लागली’ हे विचारणारी तू पहिलीच.

सांगतो. पुढच्या बाजूला, झेंड्याच्या बाजूला, काहीच पेटलं नव्हतं. कुलूप शाबूत होतं, ते विझवणाऱ्यांनीच तोडलं. जमीन आरपार जळून खाली खड्डा पडलाय तो एकाच जागी, मागच्या कोपऱ्यात, कामाच्या ओट्याखाली. तिथे माझी फडक्यांची लाकडी पेटी होती. वस्तादांची शिस्त तुला माहीत नसेल. पॉलिशचं फडकं फेकायचं नाही, दाबून पेटीत भरायचं, वर झाकण टाकायचं, म्हणजे उद्यापर्यंत मऊ राहतं. चपड्याच्या पॉलिशला ते बरोबर होतं. जन्मभर तसं केलं आणि कधी काही झालं नाही. पण आता मीही जवसाच्या तेलावर आलोय. शनिवारी दिवसभर तेलाचं काम केलं, फडकी पेटीत ठासली आणि घरी गेलो. तेलाच्या डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते मी आग लागल्यावर भिंग घेऊन वाचलं. वापरलेली फडकी कोंबून ठेवू नका, आपोआप तापून पेट घेतात. सुटी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मी हे आमच्या लोकांना सांगितलं. त्यांनी मला प्रेमाने खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, तुम्हाला धक्का बसलाय, आत्ता काही बोलू नका. दुसऱ्या दिवशी मोर्चा होता आणि फलकावर माझा फोटो. त्या फोटोखाली उभं राहून मी काय बोलणार होतो? गप्प बसलो. दुकान पुन्हा उभं करायला तेच मदत करतायत, हेही आहे. बाजारात ठोंब्या दिसला तेव्हा त्याला पेटीबद्दल सांगावं म्हणून एक पाऊल पुढेही टाकलं. पण माझ्याबरोबर आमची दोन माणसं होती. मी मान खाली घातली.

ताई, त्याच्या दुकानातही तशीच पेटी आहे. त्याच कोपऱ्यात, ओट्याखाली. आम्ही दोघांनी वस्तादांचं बघूनच दुकानं मांडली. तो तेलाचं काम करतो हे मला ठाऊक आहे, बाजारात डबे एकाच माणसाकडून घेतो आम्ही. मी सांगितलं तर तो ऐकणार नाही. तू सांग.

चुकलो असेन तर पूर्वीसारखे कान पिळावेत, पण दूर लोटू नये.

तुझा,
लंबू

२८ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

आज चेष्टा नाही. लंबूचं पत्र सोबत जोडलं आहे. कुरियरने पाठवते आहे, कारण करार मोडून आज फोन केला तर तू तो ‘लंबू’ एवढं ऐकूनच ठेवलास. मग मनीला केला. ती म्हणाली, आत्या, तू पण त्यांच्या बोलण्यात आलीस? आम्ही राखण सोडावी म्हणून ही त्यांची चाल आहे. आणि तिनेही ठेवला. हे पत्र तिलाही वाचायला दे. तू वाचून दाखवू नकोस, तू मधली वाक्यं गाळशील.

तुमचं सगळं लक्ष रस्त्यावर आहे. मागचं दार बंद, खिडक्यांना जाळ्या, आतून अडसर. आणि मुलगी माळ्यावर. पेटी तिच्या माळ्याखालीच आहे. रात्री ती पेटली तर मनीला बाहेर पडायला वाट कुठली ठेवली आहेस?

लंबूवर विश्वास ठेवू नकोस. माझ्यावरही ठेवू नकोस, मी त्यांच्या बाजूची. मी फक्त एवढंच मागते की करून बघ. तुझीच फडकी, तुझंच तेल, तशीच एखादी पेटी, तुझ्याच अंगणात. जवसाच्या तेलाला तुझं मत विचारायचं नसतं आणि माझंही. आणि ते करून होईपर्यंत मुलीला घरात झोपव. एवढं जरी केलं नाहीस तर मी दुखरा गुडघा घेऊन येईन आणि तुझ्या माळ्याच्या शिडीवर बसेन.

मला या दिवसांत फार भीती वाटते, ठोंब्या. आग लागते त्याची नव्हे, ती पूर्वीही लागायची. पूर्वी एकाचं घर जळलं की दहा जण आपापली चूल बघून यायचे. आता दहा जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतात आणि चूल तशीच राहते. एका गावाचं हे असं, तर साऱ्या देशाचं काय होत असेल, हा विचार काही केल्या मनातून जात नाही.

तुम्हा सगळ्यांवरच्या मायेपोटी,
ताई

६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबा लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते. आधी माफी मागते. फोन आपटायला नको होता.

तुझं पत्र आलं तेव्हा बाबांनी ते दोनदा वाचलं आणि टेबलावर टाकून करवत चालवायला लागले. मी वाचलं आणि खरं सांगते, मला तुझा रागच आला. लंबूकाकांचं पत्र मला नाटकी वाटलं. आम्हाला येणाऱ्या सगळ्या निरोपांत हेच असतं, की ते आता गोड बोलायला लागतील, सावध राहा. म्हणून मी ठरवलं की करूनच बघायचं आणि तुला खोटं पाडायचं. अंगणात मधोमध विटा मांडल्या, त्यावर एक रिकामं खोकं ठेवलं आणि त्यात आदल्या दिवशीची तेलाची फडकी टाकली. पाण्याची बादली शेजारी. बाबा खुर्ची टाकून वर्तमानपत्र उघडून बसले. जणू त्यांचा काही संबंधच नाही.

दिवसभर काहीही झालं नाही. फडकी गार. मी संध्याकाळी तुला पत्र लिहायला घेतलं, त्यात बरीच उद्गारचिन्हं होती. पण बाबा खोक्यात वाकून बघत होते. म्हणाले, हे नीट भरलेलंच नाहीये. तू चार फडकी सुटी टाकलीस, आपण असं ठेवतो का? तपासायचं तर नीट तपास. आत्या, त्यांच्या मनातही तू खोटीच पडायला हवी होतीस, मला माहीत आहे. पण वाकडं काम त्यांना बघवत नाही. मग ते माझ्यावर चिडले, मी त्यांच्यावर चिडले. त्या रात्री मात्र आईने माझी गादी स्वतः खाली आणली आणि शिडी काढून आपल्या खोलीत ठेवली. तिने कुणाला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका बाकाला दोन्ही बाजूंनी तेल लावलं आणि ओली फडकी बाबांनी स्वतः पेटीत भरली. दुकानातलीच पेटी रिकामी करून अंगणात आणली होती. एकावर एक, हाताने दाबून, वस्ताद शिकवायचे तशी. झाकण टाकलं. जेवण होईपर्यंत काही नाही. नंतर वास यायला लागला, तेल कढवल्यासारखा. मी झाकण उचलून आत हात घातला आणि लगेच काढला. वरची फडकी गार होती, पण मध्ये चटका बसत होता. बाबांनीही हात घातला. त्यांनी तो लवकर काढलाच नाही, मलाच ओढावा लागला. थोड्या वेळाने कडेने पांढरा धूर निघाला. काडी लावली नव्हती, कोणी आलं नव्हतं, फाटक बंद होतं. शेवटी मधली फडकी तपकिरी झाली, मग काळी, आणि एका कडेला लाल ठिणगी दिसली. मी बादली ओतली.

बाबा तिथेच विटांवर बसले. त्यांनी दुकानाच्या माळ्याकडे बघितलं आणि रडायला लागले. मी त्यांना असं रडताना कधी बघितलं नव्हतं. मग उठले, पायात चपला अडकवल्या आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, लंबूकाकांच्या घराकडे चालू लागले. हात तसेच काळे, तेलकट होते. मी मागून गेले. काकांनी दार उघडलं. त्यांनी बाबांचे हात बघितले आणि विचारलं, की पेटली का? बाबा हो म्हणाले. मग काकांनी ‘आत ये’ म्हटलं.

मी अजून आपल्याच बाजूला मत देणार आहे, हे तुला सांगून ठेवते. पण निरोप पुढे पाठवायचे बंद केलेत. भाजलेली बोटं दुखतात, असं मैत्रिणींना सांगते.

गुडघ्याची काळजी घे, आणि माझ्यावरचा राग थोडा पातळ कर.

तुझी,
मनी

२५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मनीने सगळं लिहिलंच आहे, रडल्याचंसुद्धा. घरात वार्ताहर पाळला की असं होतं. मी त्यावर काही लिहीत नाही. फक्त एवढंच लिहितो की तू हात धुऊन मागे लागली नसतीस तर मी आज हे पत्र लिहिण्याच्या अवस्थेत नसतो. पुढचा विचार मला अजून करवत नाही.

तुला वाटेल, गोष्ट इथे संपली. मलाही वाटलं होतं. गावात तेलाचं काम करणारी दुकानं बरीच आहेत, त्यातले निम्मे तरी वस्तादांचेच चेले. सगळ्यांकडे पेटी. आधी मी आमच्या पक्षाच्या कचेरीत गेलो आणि जे बघितलं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. प्रमुख म्हणाले, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे मतदानानंतर बघू, आत्ता हे बोललो तर लंबू सुटतो. मी म्हटलं, अहो, तो अडकलेलाच नव्हता. त्यावर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मीच कुठून तरी पैसे खाऊन आलोय. लंबूचंही तेच झालं. त्याच्या लोकांनी फलकावरून त्याचा फोटो काढला, आणि दुकानासाठी आणून ठेवलेल्या फळ्याही उचलून नेल्या. सध्या तो माझ्या दुकानात काम करतो. सभागृहाच्या बाकांचं काम आमच्याकडून काढून घेतलं, ते वेगळंच. तेव्हा काम कमी आणि सुतार जास्त, अशी आमची स्थिती आहे.

मग आम्ही घरोघर जायचं ठरवलं. मी आमच्या बाजूच्या दुकानांत गेलो तर म्हणाले, हा लंबूला फितूर झाला. लंबू त्याच्या बाजूच्यांकडे गेला तर त्यालाही तेच. दोघं मिळून गेलो तर कोणी दारच उघडेना. फ्रेमा करणारा तो टक्कल्या, ज्याच्या दुकानामागेच त्याचं बिऱ्हाड आहे, त्याने खिडकीतूनच ऐकून घेतलं. पेटी, तेल, ठिणगी, सगळं. आणि शेवटी विचारलं काय, तर तुम्हा दोघांत हरलं कोण? टक्कल्या आमच्या बाजूचा. लंबू पटकन पुढे झाला आणि म्हणाला, मी हरलो. आमची बाजू खोटी होती, माझं मलाच पेटलं. टक्कल्याचा चेहरा उजळला. त्याने दार उघडलं, आम्हाला आत नेलं आणि लंबूला चिडवत चिडवत, खदखदा हसत, पेटीतली सगळी फडकी अंगणात पसरली. आत त्याची दोन लहान मुलं ओट्यावर बसून खेळत होती.

तिथून निघालो तेव्हा लंबू म्हणाला, पुढचं दुकान आमच्या बाजूचं आहे. मला समजलं. मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, मी हरलो, लंबूने जाळलं नव्हतं, आमची बाजू खोटी बोलत होती. पहिल्यांदा म्हणताना जीभ टाळ्याला चिकटली. त्यांनीही हसून दार उघडलं, मला दोन टोमणे मारले आणि पेटी रिकामी केली. तेव्हापासून हेच चाललंय. आमच्या दारात तो हरतो, त्याच्या दारात मी हरतो. मनी म्हणते की माझं हरणं काकांपेक्षा जास्त खरं वाटतं. तिला काय कळतंय.

आज शेवटचं दुकान झालं. ताई, गावात एकही पेटी भरलेली राहिली नाही, यावर तू विश्वास ठेव, आम्ही प्रत्येक ठिकाणी स्वतः हात घालून बघितलं. परत येताना टक्कल्या भेटला. अंगणात दोरीवर त्याची फडकी एकेक करून वाळत होती. मी म्हटलं, बरं झालं, आता लंबूच्या दुकानाचं कारणही लोकांना पटेल. तर तो माझ्याकडे दया आल्यासारखा बघत म्हणाला, फडक्यांचं खरं असेल हो, पण लंबूचं दुकान त्याने स्वतःच जाळलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लंबू माझ्या शेजारीच उभा होता. टक्कल्याची मुलं दोरीखाली पळत होती, ती आम्ही दोघं बघत राहिलो.

तुझ्या येण्याची वाट बघतो. शिडीवर नव्हे, खुर्चीवर बसायला ये. लोभ तर तू सोडणार नाहीस, पण या खेपेला कौतुकही थोडं करावंस, आम्ही दोघं हरून हरून दमलो आहोत.

तुझा,
ठोंब्या